मला चांगल्या मेलेल्यांत टाकू नका

वोलोरेना, २ सप्टेंबर २००३

प्रति,
सिस्टर वालबुर्गा,
प्रांतप्रमुख मदर यांच्या चिटणीस, किनाऱ्यावरील मुख्य मठ.

स. न. वि. वि.

मी सिप्रियानुस भोको, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, तालुक्याच्या माध्यमिक शाळेत व्यापारी पत्रव्यवहार शिकवणारा शिक्षक आणि वोलोरेना येथील चर्च-मंडळाचा चिटणीस. आपण माझ्या मामांची कन्या असल्याने ही माहिती आपणास आहे. परंतु पत्र दप्तरी राहणार असल्याने ती देणे मला योग्य वाटते. दिवंगत सिस्टर गाउदेन्सिया यांचे जीवनवृत्त आपल्या सर्व मठांत भोजनसमयी वाचले जाणार आहे. मदर यांच्या मागणीनुसार ते सादर करणे हा या पत्राचा हेतू.

सिस्टर गाउदेन्सिया यांचा जन्म १९३२ साली लेम्बाता बेटावर झाला. वडील देवमाशाची शिकार करणारे. त्या वोलोरेनात जून १९६४ मध्ये घोड्यावरून आल्या. घोडा परत गेला, त्या राहिल्या. एकोणचाळीस वर्षांत त्यांनी दोन हजार तीनशे सोळा बाळंतपणे केली. ही संख्या मी त्यांच्या वह्यांवरून दोनदा पडताळली आहे. प्रसूती चालू असता नवऱ्याने बाहेर लाकडे फोडावीत असा त्यांचा दंडक होता. बाप होणाऱ्याला आमच्या गावात अजूनही "लाकडं फोडलीस का?" असेच विचारतात. त्या पान खात, त्यांचे दात लाल होते, आणि त्या मोठ्याने रागावत.

मदर जावाच्या असल्याने एक खुलासा आवश्यक आहे. झाडावरून पडून, पुरात, अपघातात किंवा बाळंतपणात आलेल्या मरणाला आमच्याकडे गोलो मरण म्हणतात. अशा मृताला घराच्या उंबऱ्याच्या आत आणीत नाहीत. त्याला वेशीवर उघड्यावर ठेवतात आणि गावच्या कबरस्तानात नव्हे, तर बांबूच्या बनापलीकडच्या रानात पुरतात. तिकडे कोणी फिरकत नाही. १९७१ पासून सिस्टरांनी अशी प्रत्येक मृत व्यक्ती स्वतःच्या खोलीत नेली, स्वतःच्या अंथरुणावर ठेवली, स्वतःच्या हातांनी धुतली. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, गाव कबरस्तानात मेणबत्त्या घेऊन जाई तेव्हा त्या एकट्या रानात जात.

२००१ पासून त्यांना विश्रामगृहात येण्याची आज्ञा पाच वेळा झाली. पाचही वेळा त्यांनी कळवले, "पुढच्या बाळंतपणानंतर येते."

११ ऑगस्ट रोजी सकाळी साडेआठला, शेजारच्या गावी बाळंतपणासाठी जात असता, भाड्याच्या मोटरसायकलवरून पडून त्यांचे निधन झाले. पार्थिव प्रथम वेशीवरील मांडवात ठेवण्यात आले. नंतर यथोचित व्यवस्था होऊन १३ ऑगस्ट रोजी दफन करण्यात आले. स्थळ: बांबूच्या बनापलीकडचे रान.

कळावे.

आपला विश्वासू,
सि. भोको

*

मुख्य मठ, १४ सप्टेंबर

काए सिप्री,

तुझं नाव, वय आणि पदवी वाचून धन्य झाले. लहानपणी ज्याला मी म्हशीच्या शेपटीला धरून नदी ओलांडताना पाहिलंय, तो माझा काए, थोरला भाऊ, आता मला "सिस्टर, आपण" लिहितो. लिही बाबा, दप्तरी राहू दे.

मदरनी तुझं जीवनवृत्त वाचलं आणि लाल शाईनं तीन ठिकाणी सुधारलं. एक, "मोटरसायकलवरून पडून" च्या जागी "अल्पशा आजारानंतर, शांतपणे". एकाहत्तराव्या वर्षी सिस्टर भाड्याच्या गाडीवर काय करत होती, असं सगळे मठ विचारतील म्हणून. दोन, विश्रामगृहाच्या आज्ञांचं वाक्य पूर्ण काढायचं. ती पाचही पत्रं मीच टंकलेली आहेत, आणि तिची पाचही उत्तरं माझ्याच टेबलावर आली. तिसऱ्या उत्तराला पानाचा डाग होता. तीन, दफनाची जागा.

पहिल्या दोन गोष्टींवर तू मदरशी भांड. तिसरीवर माझ्याशी बोल.

"ठेवण्यात आले." कोणी ठेवलं, काए? पार्थिव आपापलं चालत गेलं वेशीवर? मी त्याच गावची आहे. त्या रानाचा अर्थ मला कोणी समजावायला नको. लहानपणी आम्हाला त्या बांबूच्या सावलीतसुद्धा जाऊ देत नव्हते. तुझा सख्खा भाऊ बिनू माडावरून पडला, आत्याला त्याला घरात घेऊ दिलं नाही, तेव्हा ह्या बाईनं त्याला आपल्या अंथरुणावर घेतलं. आणि ती पडली तेव्हा तुम्ही तिला वेशीवर उघड्यावर ठेवलंत, मग नेऊन रानात टाकलंत. एकोणचाळीस वर्षांचं हे फळ.

मी मदरना सांगितलं, तिला इथं आणा. इथं समुद्राकडे तोंड करून आमच्या सगळ्या जणी ओळीनं झोपल्यात, तिथं तिची जागा आहे. मदरना पटलं. कबर उघडायला तुमच्या मंडळाची संमती लागते. छापील कागद सोबत आहे. सही करून पाठव.

वालबुर्गा

*

वोलोरेना, २३ सप्टेंबर

सिस्टर वालबुर्गा यांस,

आपले १४ तारखेचे पत्र व संमतीपत्राचा कागद मिळाला.

पहिल्या सुधारणेबाबत: पडणे हा आजार नव्हे, आणि क्षणात आलेल्या मरणाला अल्पसा आजार म्हणण्याइतका कालावधी नसतो. सदर सुधारणा अमान्य.

दुसऱ्या सुधारणेबाबत: सिस्टरांनी आज्ञा मोडली असे मी लिहिलेले नाही. त्यांनी ती पुढे ढकलली, आणि का ढकलली हे त्यांच्याच शब्दांत दिले आहे. त्या पाच पत्रांच्या काळात या खोऱ्यात एकशे सदुसष्ट मुले जन्मली. त्यांपैकी कोणते विश्रामगृहासाठी थांबवता आले असते, हे मदर यांनी कळवल्यास मी वाक्य काढीन. तोपर्यंत अमान्य.

तिसऱ्याबाबत: रानाची निवड त्यांची स्वतःची होती. त्या अनेकदा, अनेकांसमक्ष म्हणत, "मला चांगल्या मेलेल्यांत टाकू नका. त्यांना भेटायला पुष्कळ येतात." त्यांच्या इच्छेचे पालन झाले आहे. दफनाच्या वेळी फादर थियोडोरुस यांनी संपूर्ण रान मंत्रून घेतले. अपमानाचा प्रश्न उद्भवत नाही.

वेशीवरील मांडवाचा निर्णय प्राप्त परिस्थितीत, रीतीस अनुसरून, गावपातळीवर घेतला गेला. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

संमतीपत्र विचाराधीन आहे.

सि. भोको

*

मुख्य मठ, २ ऑक्टोबर

काए,

"गावपातळीवर" म्हणजे कोण? पातळीला हात असतात का? ती थट्टा करायची, ते मलाही ठाऊक आहे. बाई हसत बोलली ते तुम्ही सोयीनं खरं धरलंत. तिची इच्छा रानाची असेल, वेशीवरच्या मांडवाची होती का? ते तू दोन पत्रांत दोनदा टाळलंस, आणि तू काही टाळलंस की मला कळतं. खोटं बोलताना तुझी वाक्यं लांब होतात.

मदरनी बिशपांची परवानगी मिळवली आहे. ५ नोव्हेंबरला गाडी वर येईल, सोबत चार माणसं आणि शवपेटी. ३१ ऑक्टोबरपर्यंत सही आली नाही तर ते मंडळाशी समोरासमोर बोलतील.

ज्या गावानं तिला उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्या गावात मी तिला ठेवणार नाही. तुला लाज वाटत असेल तर सही कर. वाटत नसेल तरी कर.

वालबुर्गा

*

वोलोरेना, ११ ऑक्टोबर

बुर्गा,

हे पत्र दप्तरासाठी नाही. तरीही तुला ते दप्तरी ठेवावेसे वाटले, तर माझी हरकत नाही.

मांडव मी बांधला. बांबू मी निवडले, बारा, आणि कोणता कुठे रोवायचा तेही मीच दाखवले.

झाले ते असे. आठला त्या निघाल्या. साडेआठला वळणावरच्या खडीवर चाक घसरले. गाडीवानाचे गळ्याचे हाड मोडले, सिस्टर जागीच गेल्या. माणसांनी त्यांना खांद्यावरून वर आणले. इथल्या मठातल्या दुसऱ्या दोघी वार्षिक मौनासाठी तुमच्याकडे खाली आल्या होत्या, मठाला कुलूप होते. खालचा पूल दुरुस्तीसाठी उखडलेला, गाडी दोन दिवस जाणार नव्हती. कुळाचे वडील एमा लेंगी यांनी मला विचारले, "मास्तर, कुठं ठेवायचं?" मंडळाचा चिटणीस मी. सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "रीतीप्रमाणे."

एवढेच. मठाचे कुलूप तोडता आले असते, हातोडा माझ्या घरी होता. मला ते सुचले नाही असे लिहिले असते तर ते खोटे ठरले असते. सुचले होते. १९७१ मध्ये बिनूला वेशीवर ठेवले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि गप्प राहिलो. तेव्हा माझा आवाज कोणी ऐकला नसता, अशी मी बत्तीस वर्षे स्वतःची समजूत घातली. ११ ऑगस्टला सगळे माझाच आवाज ऐकायला उभे होते.

मांडव उभा राहिला, त्यांना त्याखाली ठेवले. तेवढ्यात आई काठी टेकत आली. ऐंशी वर्षांची बाई, कोणी कळवले देव जाणे.

"हे काय उभं केलंय? डुकरांचं खोपटं?"

एमा लेंगी म्हणाले, "रोफिना, तू बस जरा. गोलो मरण आहे."

"ते मला दिसतंय. माझ्या घरात घ्या तिला."

"वेड लागलं का? गोलो मरण उंबऱ्याच्या आत गेलं, तर घर तीन पिढ्या भोगतं."

"पहिली पिढी मी. बिनू गेला तेव्हाच भोगून झालंय माझं. दुसरी ओदिलिया, बेचाळिसाव्या वर्षी झाली मला, हिनंच काढली. ओदिलियाच्या पोरी, त्याही हिनंच काढल्या. ज्यांनी भोगायचं त्या सगळ्या हिच्याच हातानं आल्यात. विचार त्यांना."

एमा लेंगी म्हणाले, "बायका अशानं बुडवतील गाव."

"गाव बुडेल तेव्हा बुडेल. घर कोणाचं आहे, लेंगी?"

घर आमच्यात बाईचे असते हे तुला सांगायला नको. पुरुष त्यात पाहुणा. मग मी, बुर्गा, मी आमच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि आईला म्हणालो, "इने, चिटणीस म्हणून मला हे सांगणं भाग आहे की—"

ती म्हणाली, "चिटणीस बाहेर उभा राहू दे. मुलगा असशील तर डोक्याकडून धर."

मी डोक्याकडून धरले.

त्या आमच्या आतल्या खोलीत, जिथे फक्त कुळातल्या बायका झोपतात तिथे, दोन दिवस होत्या. आईने त्यांना धुतले. कोणाला मदत करू दिली नाही. बिनूला धुतले होते तशीच धुते, म्हणाली. ती १९७१ मध्ये दिवसभर सिस्टरांच्या खोलीत शेजारी बसून बघत होती, तिला सगळे पाठ होते. वोलोरेनाच्या घरात गेलेले हे पहिले गोलो मरण. दुसऱ्या दिवशी एमा लेंगी पान-सुपारी घेऊन आले, उंबऱ्याबाहेर थोडे थांबले, मग आत आले.

तिसऱ्या दिवशी त्यांना रानात नेले ते घरातून नेले, वेशीवरून नव्हे. बिनूच्या पलीकडे, एक जागा सोडून. तिथे त्रेचाळीस जण आहेत आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना शेवटचा हात ज्यांचा लागला त्या आता त्यांच्यात आहेत. त्यांना तिथून काढणे म्हणजे त्या त्रेचाळिसांना पुन्हा एकदा वेशीबाहेर ठेवणे.

तू गावावर रागावलीस. राग बरोबर आहे, पत्ता चुकला. तो माझ्यावर धर. जीवनवृत्तात मी दुरुस्ती करीत आहे: मांडव कोणी बांधला आणि कोणी रिकामा केला, दोन्ही नावांसह.

सही करणार नाही.

सिप्री

*

मुख्य मठ, २० ऑक्टोबर

काए,

तुझं पत्र मी कोंबड्यांच्या खुराड्यात बसून वाचते आहे. कारण सांगते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी मदरकडे गेले. सांगितलं, माझी चूक झाली, मी तुम्हाला चुकीचा सल्ला दिला, तिला हलवू नका. मदर शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, प्रत्येक गावाला आपापली सिस्टर हवी असते. आपण कुटुंब आहोत, आपली माणसं एकत्र असावीत." त्या दुष्ट नाहीत. त्यांना ओळीत एक जागा रिकामी दिसते, एवढंच. मी म्हटलं, मग निदान जीवनवृत्ताचं परिपत्रक तरी खरं टंकते. म्हणाल्या, लाल शाईप्रमाणे टंका. मी म्हटलं, "पुढच्या बाळंतपणानंतर टंकते."

टंकयंत्र दुसरीकडे गेलं. मी इकडे. साठ कोंबड्या आहेत, एकही लाल शाईनं लिहीत नाही.

५ तारखेची गाडी मात्र पक्की आहे. ती मला थांबवता येत नाही. तू काय करणार आहेस?

आत्या कशी आहे? तिला सांग, मी तिच्या उंबऱ्याबद्दल वाईट विचार केला. तिला सांग, मी पाया पडते.

बुर्गा

*

वोलोरेना, ३ नोव्हेंबर २००३

प्रति,
प्रांतप्रमुख मदर, मुख्य मठ.
प्रत: सिस्टर वालबुर्गा, सध्या कुक्कुटपालन विभाग.

आदरणीय मदर,

मी सिप्रियानुस भोको, वोलोरेना येथील चर्च-मंडळाचा चिटणीस. संमतीपत्राबाबत मंडळाचा निर्णय कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ३१ ऑक्टोबरची मुदत उलटली याची मला जाणीव आहे. म्हणून हे पत्र टपालाने न पाठवता माणसाबरोबर देत आहे. विलंबाचे कारण असे.

माझी आई रोफिना २७ ऑक्टोबर रोजी दुपारी, स्वतःच्या घरी, स्वतःच्या अंथरुणावर, लेकी-नातींच्या समक्ष वारली. अशा मरणाला आमच्याकडे चांगले मरण म्हणतात आणि त्याला गावच्या कबरस्तानात मानाची जागा असते. एमा लेंगी यांनी ती जागा स्वतः दाखवली. माझी बहीण ओदिलिया, जी आता त्या घराची मालकीण आहे, त्यांना म्हणाली, "इने म्हणून गेली, मला रानात ठेवा, बिनू आणि सिस्टरच्या मधे."

एमा लेंगी म्हणाले, "पोरी, चांगल्या मरणाचं माणूस रानात कोणी नेलंय आजवर? रोफिना चांगली मेली."

"चांगली मेली ना? मग तिचं ऐका."

२९ तारखेला आम्ही माझ्या आईला रानात नेले. बिनू आणि सिस्टर यांच्यामधील जागा एका माणसाची होती. ती आता भरली. तिच्या कडेला दोन्ही बाजूंस हातभर माती उरते. कुदळ चालवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमा लेंगी चार खुंट्या घेऊन रानात आले आणि सिस्टरांच्या पायथ्याशी स्वतःपुरती जागा आखून गेले. मी कारण विचारले. ते म्हणाले, "मास्तर, उद्या इथं गर्दी होईल. मी म्हातारा माणूस, मागून जागा मागत कुठं फिरू?" त्यानंतर आणखी तीन घरांनी खुंट्या रोवल्या आहेत.

काल मृतांचा दिवस होता. फादर थियोडोरुस यांनी मिस्सेची प्रार्थना रानात केली. त्रेचाळीस कबरींपैकी एकोणतीस कबरींतल्या माणसांची नावे लोकांना आठवली. ज्यांनी ती नावे पन्नास-पन्नास वर्षे घेतली नव्हती त्यांनीच ती मोठ्याने घेतली. उरलेल्या चौदांची चौकशी चालू आहे. मिस्सेनंतर मी सिस्टरांचे जीवनवृत्त वाचून दाखवले, दुरुस्तीसह. मांडव मी बांधला हेही त्यात आहे. कोणी मान खाली घातली नाही, मी घातली होती, तर मागून कोणीतरी म्हणाले, "मास्तर, मोठ्यानं वाचा, ऐकू येत नाही."

जीवनवृत्ताची ती प्रत सोबत आहे. ते मठांमध्ये वाचावे की वाचू नये, हा आपला अधिकार आहे. त्यातील शब्द बदलून माझ्या नावे वाचू नये. सिस्टर गाउदेन्सिया शांतपणे वारल्या नाहीत. त्या कामावर जाताना, कोणाच्या परवानगीवाचून, वारल्या, आणि त्या तशाच होत्या म्हणून या खोऱ्यात दोन हजार तीनशे सोळा माणसे आहेत किंवा होती. हे ऐकून एखाद्या मठातील तरुण सिस्टरने विश्रामगृहाऐवजी मोटरसायकल निवडली, तर त्यास जीवनवृत्ताचा दोष समजू नये.

आपण सिस्टर वालबुर्गा यांना म्हणालात की आपण कुटुंब आहोत आणि आपली माणसे एकत्र असावीत. मंडळ या मताशी पूर्ण सहमत आहे.

संमतीपत्र कोरे परत करीत आहे. सहीच्या जागी सही नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत होणार नाही. माझ्यानंतरच्या चिटणिसास तसे लेखी कळवले आहे.

५ तारखेची गाडी पाठवायची असल्यास अवश्य पाठवावी. पूल आता पक्का आहे. येणाऱ्या चौघांना कॉफी मिळेल, भात मिळेल, थांबायचे असल्यास माझ्या बहिणीच्या घरी अंथरुण मिळेल. कुदळ मिळणार नाही.

सिप्रियानुस भोको
चिटणीस, चर्च-मंडळ
वोलोरेना, ३ नोव्हेंबर २००३